‘टेन्शन’ या शब्दाचं मोल : सांगातची वाटचाल

गोव्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी नऊच्या सुमारास जाऊन बाकावर बसावं. हातात केसपेपर धरून माणसं बसलेली असतात. कुणाचं अंग दुखतं, कुणाला झोप नाही, कुणाच्या छातीत धडधडतं, कुणाच्या पायांना मुंग्या येतात. ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगायला कुणी आलेलं नसतं. नंबर लागला की डॉक्टरांपुढे दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात दुखणं सांगायचं, रक्तदाब मोजून घ्यायचा आणि ताकदीच्या गोळ्यांची पुडी घेऊन घरची वाट धरायची. पुढच्या महिन्यात तेच अंग, तीच धडधड, तोच बाक.

सांगात या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचा इतिहास मी या बाकापासून सुरू करतो. संस्था जन्मली १९९६ साली, पर्वरीत. पण तिचं खरं काम तिला सापडलं ते या बाकावरच्या माणसांचं बोलणं नीट ऐकल्यावर.

नावाबद्दल आधी थोडं. कोकणीत ‘सांगात’ म्हणजे सोबत. मराठीत हा शब्द आता बोलण्यात फारसा नाही, पण ‘सांगाती’ आपल्याला संतांच्या अभंगांतून ओळखीचा आहे : वाटेवर बरोबर चालणारा. उपचार करणारा आणि उपचार घेणारा यांच्यातलं अंतर या शब्दात नाही. संस्थेच्या स्थापनेत मनोविकारतज्ज्ञ होते, बालरोगतज्ज्ञ होते, मानसशास्त्र शिकलेली मंडळी होती. तरी पाटीवर त्यांनी ना ‘मानसिक’ लिहिलं, ना ‘रुग्ण’. गोव्यासारख्या लहान मुलखात, जिथे कोण कुठल्या दारात शिरला हे संध्याकाळपर्यंत वाड्यावर कळतं, तिथे हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

मनाच्या आजाराशी गोव्याचं नातं तसं जुनं. १७५६ साली कांदोळीत जन्मलेले आबे फारिया पॅरिसला गेले आणि संमोहनाबद्दल एक क्रांतिकारी गोष्ट सांगून गेले : माणूस गुंगीत जातो तो कुणाच्या हातातून वाहणाऱ्या अदृश्य शक्तीमुळे नव्हे, त्याच्या स्वतःच्या मनाच्या अपेक्षेमुळे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. पोर्तुगीज काळातलं आल्तिनोवरचं मनोरुग्णालयही त्यांच्याच नावानं ओळखलं जाई. पुढे त्यातूनच आजची बांबोळीची सरकारी मनोरुग्ण संस्था आली. तिथलं काम मोलाचंच आहे. पण बांबोळीला जाणं म्हणजे काय, हे गोव्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात ‘येरवडा’, ‘ठाणे’, ‘रत्नागिरी’ ही गावांची नावं जशी टोमणे होऊन बसली, तसंच हे. घरात सुनेला झोप येत नाही, ती रडते, एवढ्यासाठी तिला तिकडे कोण नेणार? आधी दिष्ट काढली जाते, मग देवळात प्रसाद लावला जातो किंवा चर्चमध्ये प्रार्थना होते, मग डॉक्टरकडून टॉनिक येतं. यात मूर्खपणा नाही. ज्या दारात अब्रू शाबूत राहते त्या दारात माणूस आधी जातो, इतकंच.

डॉ. विक्रम पटेल हे संस्थापकांपैकी एक. मूळचे मुंबईचे, लंडनला मनोविकारशास्त्र शिकलेले. संस्थेच्या आधी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, ते झिंबाब्वेची राजधानी हरारे इथे संशोधनाला गेले होते. तिथे शोना भाषेतला एक शब्द त्यांच्या वाट्याला आला : ‘कुफुंगिसिसा’. अर्थ, फार विचार करणं. दवाखान्यात येणारे आणि पारंपरिक वैद्यांकडे जाणारे लोक आपल्या दुखण्याचं कारण म्हणून हा शब्द वापरत. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातली नैराश्याची लक्षणं त्यांच्यातही होती, पण त्यांना ते नाव मान्य नव्हतं. आजार मेंदूत नाही, आयुष्यात आहे, अशी त्यांची समजूत होती. आणि त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं तर ती खोटी म्हणता येत नव्हती. आपल्याकडे ‘डोक्यात विचारांचा भुंगा लागलाय’ म्हणतात त्याचा हा सख्खा भाऊ. पटेलांनी तिथे त्या लोकांच्याच शब्दांतून एक प्रश्नावली तयार केली. गोव्यात येताना हा धडा त्यांच्याबरोबर आला.

सुरुवातीची वर्षं मुलांची. उशिरा बोलणारी, अभ्यासात मागे पडणारी, शाळेत ‘मठ्ठ’ ठरवलेली मुलं आणि त्यांचे हवालदिल आईबाप पर्वरीच्या क्लिनिकमध्ये येत. ते काम आजवर थांबलेलं नाही, आणि त्याचा इतिहास स्वतंत्रपणे कुणीतरी लिहायला हवा. इथे मी मोठ्यांच्या दुखण्याकडे वळतो, कारण संस्थेला जगानं ओळखलं ते त्या कामामुळे.

पहिली मोठी पाहणी साध्या दवाखान्यांतल्या रुग्णांची झाली. ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. तीनशेच्या आसपास लोकांशी सविस्तर बोलणं झालं आणि दिसलं असं, की जवळजवळ निम्म्या माणसांच्या अंगदुखीमागे, थकव्यामागे मनाचं दुखणं होतं. निबंधाचं नाव मात्र ‘दारिद्र्य’ या शब्दानं सुरू होतं. कर्ज असणं, घरात अन्न आणायला पैसे नसणं, या गोष्टींचा त्या दुखण्याशी सरळ संबंध सापडला. गोवा म्हटलं की बाहेरच्यांना समुद्र, काजू आणि सुट्टी आठवते. देशातल्या सुखवस्तू राज्यांपैकी एक असलेल्या या मुलखातही उपाशी पोटाचा आणि रात्रीच्या जागरणाचा हिशेब एकत्रच निघाला.

त्यानंतरचं काम म्हापशाच्या आझिलो इस्पितळातलं. बाळंतपणासाठी नोंदवलेल्या २७० बायकांशी त्या गरोदर असल्यापासून संपर्क ठेवला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलं तर त्यांच्यातल्या २३ टक्के आया नैराश्यानं ग्रासलेल्या होत्या. बाळंतपणात संप्रेरकं बदलतात, हे शरीरशास्त्र खरं आहे. पण ती सगळ्याच बायकांच्या अंगात बदलतात. खचल्या कोण? ज्यांच्या घरी पैशाची चणचण होती, ज्यांचं नवऱ्याशी बरं नव्हतं, ज्यांनी मार खाल्ला होता, आणि ज्यांच्या घरी मुलगा हवा असताना मुलगी झाली होती. शिवाय खचलेल्या बहुतेक जणी बाळंतपणाच्या आधीपासूनच दुःखी होत्या. आपल्याकडे बाळंतिणीचे चाळीस दिवस म्हणजे डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, तेलाचं मालिश, माहेरची माया, असं चित्र आपण अभिमानानं रंगवतो, आणि जिथे ती माया असते तिथे ती औषधाचं काम करते यात शंका नाही. पण ‘परत मुलगीच का?’ हा प्रश्न विचारणारं घरही त्याच संस्कृतीतलं आहे. पाळण्याला दोरी बांधणारी माणसं तीच आणि पेढे न वाटणारी माणसंही तीच. संस्थेनं हे आकड्यांत मांडलं, याबद्दल मला तिचा आदर वाटतो. कारण परंपरा म्हटली की नुसती ओवाळायची किंवा नुसती झोडपायची, एवढंच आपल्याला येतं.

आता ज्या संशोधनावर मी अधिक थांबणार आहे ते. स्त्री आरोग्य शोध हे त्याचं नाव. २००१ ते २००३ या काळात उत्तर गोव्यात १८ ते ५० वयाच्या २४९४ बायकांशी त्यांच्या घरी जाऊन बोलणं झालं, प्रयोगशाळेत तपासण्याही झाल्या. विषय होता ‘अंगावरून पांढरं जाणं’. मराठी वाचकांना, निदान वाचक स्त्रियांना, हा शब्दप्रयोग समजावून द्यायला नको. आजीपासून नातीपर्यंत सगळ्या तो दबक्या आवाजात बोलतात. त्याबरोबर कंबर दुखते, अंग गळून जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते, ‘सगळी ताकदच निघून जाते’.

वैद्यकाचा तेव्हाचा नियम सरळ होता. बाईनं ही तक्रार केली की संसर्ग धरायचा आणि प्रतिजैविकं द्यायची. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणांसाठी जगभर हीच पद्धत शिकवली जात होती. गोव्यातल्या तपासण्यांनी दाखवलं की या तक्रारीचा जननमार्गाच्या संसर्गाशी धागा फारसा जुळत नाही. धागा जुळतो तो त्या बाईच्या मनाच्या अवस्थेशी आणि घरातल्या परिस्थितीशी. बायकांना विचारलं, ‘हे कशामुळे होतं असं तुम्हाला वाटतं?’ उत्तरात टेन्शन होतं, उष्णता होती, संसर्गही होता. आणि टेन्शन मागे नव्हतं, पुढच्या रांगेत होतं. म्हणजे निदान बायकांनी स्वतःच करून ठेवलं होतं. विचारायला कुणी गेलं नव्हतं.

ही तक्रारच का? कारण ती करायला परवानगी आहे. ‘मला जगावंसं वाटत नाही’ म्हणणाऱ्या बाईला घरात ऐकून घ्यावं लागेल ते लागेलच, पण तिला बसचं भाडं मिळणार नाही. ‘अंगावरून जातंय’ म्हटलं की सासूही म्हणते, ‘जाऊन दाखवून ये.’ हा प्रकार फक्त बायकांचा नाही. पुरुषांत ‘धातू जाण्या’ची धास्ती आहेच, आणि डॉ. एन. एन. विग यांनी १९६० सालीच तिला मनोविकारशास्त्रात ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं होतं. शरीरातला एखादा सारभूत द्रव वाहून जातो आणि त्याबरोबर बळ जातं, ही कल्पना आयुर्वेदापासून आपल्या रक्तात मुरलेली आहे. दुःखाला बोलायला भाषा हवी असते. जी हाताशी असते ती ते उचलतं. आणि ती भाषा न कळलेल्या दवाखान्यानं काय केलं? नको ती प्रतिजैविकं दिली, आणि कधी कधी नवऱ्याच्या मनात संशयाचं बी पेरलं. मूळ दुखणं जिथे होतं तिथेच राहिलं.

स्मरणिकेत संस्थेचं अपयशही नोंदवायला हवं. २००३ साली लॅन्सेटमध्ये एक निबंध आला. जिल्हा इस्पितळांच्या बाह्यरुग्ण विभागांतल्या ४५० रुग्णांवर प्रयोग केला होता : काहींना नैराश्यावरचं औषध, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, काहींना बोलण्याचा उपचार. दोन महिन्यांनी औषधाचा गुण दिसला. बोलण्याचा उपचार मात्र त्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. ज्या संस्थेचं नावच सोबत, तिच्या सोबतीचा गुण येऊ नये! हे झाकून ठेवणं अवघड नव्हतं. संस्थेनं ते जगापुढे ठेवलं.

मला त्या निकालात एक साधी गोष्ट दिसते. आपल्याकडे दवाखान्यात माणूस काहीतरी घ्यायला जातो : गोळी, सुई, निदान मलम. लांबून येऊन, दिवसाची मजुरी बुडवून, नुसतं बोलायचं आणि रिकाम्या हातानं परतायचं, याला उपचार म्हणतात हे कुणाला पटावं? शिवाय बोलायचं कुणाशी, तर इस्पितळातल्या अनोळखी शिकलेल्या माणसाशी. बोलणं चुकीचं नव्हतं. त्याची जागा, त्याचा शब्द आणि बोलणारा माणूस बदलायला हवा होता.

‘मानस’ हा त्यापुढचा प्रयोग. मनःशांती सुधार शोध, हे त्याचं पूर्ण नाव. गोव्यातली २४ ठिकाणं निवडली : बारा सरकारी आरोग्य केंद्रं, बारा खाजगी डॉक्टरांचे दवाखाने. २७९६ रुग्ण. आणि मध्यभागी डॉक्टर नव्हे, तर गावातलीच पदवीधर तरुणी. तिचं मानसशास्त्राशी आधी काही देणंघेणं नसे. दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन ती आरोग्य केंद्रात बसू लागली. रुग्णाची तक्रार काय, झोप कशी, भूक कशी, काळजी कसली, हे ती विचारी. ‘मानसिक आजार’ किंवा ‘नैराश्य’ हे शब्द वापरायचे नाहीत, ‘टेन्शन’ म्हणायचं, असं ठरलेलं होतं. काही भाषाप्रेमींना हा इंग्रजी शब्द खटकेल. पण तो कधीचाच इंग्रजी राहिलेला नाही. बाजारात मासळी विकणारी बाई तो म्हणते, बस कंडक्टर म्हणतो, दहावीतला मुलगा म्हणतो. त्यात वेडाचा वास नाही, लाज नाही, कुळाला बट्टा नाही. टेन्शन कुणालाही येऊ शकतं. ‘टेन्शनमुळे छाती धडधडते, हृदयाला काही झालेलं नाही,’ हे समजावून सांगणं, श्वासाचे व्यायाम, योगासनं, कुणाशी बिनसलंय त्याबद्दल बोलणं, आणि गरज असेल तर डॉक्टरांकडून औषध, अशी त्या उपचाराची पायरी-पायरीची रचना होती. वर लक्ष ठेवायला मनोविकारतज्ज्ञ होताच.

२०१० साली निकाल छापून आला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते. जिथे ही तरुणी नव्हती तिथे ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. हा निकाल मला यशापेक्षाही बोलका वाटतो. खाजगी डॉक्टर आपल्या पेशंटला वर्षानुवर्षं ओळखतो. मुलीचं लग्न ठरलं का, मुलगा दुबईहून आला का, हे तो विचारतो. तिथे ऐकून घेणारा माणूस आधीपासूनच खुर्चीत होता. सरकारी केंद्रात तो नव्हता, तिथे त्याची जागा या मुलींनी भरली. ज्या गरीब माणसाला फॅमिली डॉक्टर परवडत नाही त्याला सरकारी केंद्रात कुणीतरी आपलं माणूस मिळालं, एवढा याचा साधा अर्थ आहे.

पुढची आवृत्ती आणखी आटोपशीर होती. नैराश्यासाठी सहा ते आठ भेटी, पुष्कळदा रुग्णाच्या घरी. विचार बदला, असं त्यात कुणी सांगत नाही. हातून सुटलेल्या गोष्टी पुन्हा थोड्याथोड्या करायच्या : शेजारणीकडे जाणं, देवळात किंवा मिस्साला जाणं, परसातल्या झाडांना पाणी घालणं. आणि सोडवता येण्याजोगी एक अडचण धरून ती सोडवायची. हे लोकांना पटलं, कारण दुखणं आयुष्यातून आलंय ही त्यांची स्वतःची समजूत त्यात मानलेली होती. २०१७ साली निकाल आला : तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर, नेहमीच्या देखभालीत ३९ टक्के. घरी जाऊन बोलणं सोपं नसतं. एकच खोली, सासू चहा घेऊन तिथेच बसलेली, टीव्ही सुरू; अशा घरात बाईशी बोलायला आधी सासूचा विश्वास कमवावा लागतो.

याच धर्तीचा दारूवरचा उपचार पुरुषांपुरता होता. ज्या मुलखात लग्नाला, फेस्ताला, मयताला फेणी असते आणि उन्हाळ्यात हुर्राकाची वाट पाहिली जाते, तिथे ‘पिऊ नका’ या उपदेशाला कोण उभं करणार? समुपदेशक पिण्याच्या प्रमाणाबद्दल, त्याच्या परिणामांबद्दल बोलत, आग्रह झाला तर नाही कसं म्हणायचं याचा सराव करून घेत. गुण आला, पण बेताचा : पिणं आटोक्यात आलेले ३६ टक्के, नेहमीच्या देखभालीत २६. दारूपुढे एकटा माणूस उभा नसतो, सगळा वाडा उभा असतो, हे त्या आकड्यांत मला वाचता येतं.

या साऱ्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग प्रयोगांच्या निकालात नाही. समुपदेशकांची बोलणी, रुग्णाच्या संमतीनं, ध्वनिमुद्रित होत. मग त्या एकत्र बसून एकमेकींची बोलणी ऐकत आणि गुण देत. कुठे घाई झाली, कुठे रुग्ण गप्प झाला तेव्हा आपणही गप्प राहायला हवं होतं, कुठे उपदेशाचा सूर लागला, हे त्याच एकमेकींना सांगत. तज्ज्ञांनी दिलेले गुण आणि त्यांनी दिलेले गुण पुष्कळसे जुळत. ऐकणं ही शिकता येणारी, तपासता येणारी कारागिरी आहे. भजनी मंडळात एखाद्याचा सूर उतरला की शेजारचा हळूच सावरून घेतो, तशी.

महाराष्ट्राशी संस्थेचा संबंध दोन वाटांनी आला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची घरी जाऊन देखभाल करण्याचा प्रयोग गोवा, तमिळनाडू आणि सातारा इथे झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली आले आणि फायदा मर्यादितच दिसला. दीर्घ आजारात घर हाच दवाखाना असतो, पण थकलेल्या घरालाही कुणाचा तरी आधार लागतो, हे त्यातून पुढे आलं.

दुसरी वाट विदर्भातली. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम चालला. कापूस आणि सोयाबीनचा हा मुलूख, कर्जाचा आणि शेतकरी आत्महत्यांचा. इथे नुसतं समुपदेशन घेऊन जाणं म्हणजे जखमेवर फुंकर, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला असता आणि तो खोटा नाही. कापसाला भाव नसेल तर मनाला धीर कुठून देणार? तरीही एकाच भावात, एकाच दुष्काळात, एका घरात माणूस जातो आणि शेजारच्या घरात जगतो. त्या दोन घरांमधल्या अंतरात काही करता येतं का, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. गावातल्याच कार्यकर्त्या घरोघर, छोट्या बैठकांमधून ताणतणावाबद्दल बोलत. ज्याला अधिक गरज, त्याला समुपदेशक भेटे. त्याहून गंभीर असेल तर ठरल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ. अठरा महिन्यांनी पुन्हा पाहणी झाली. आत्महत्येचे विचार मनात आलेल्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलं होतं. नैराश्य असलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेले आधी अवघे ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्के झाले.

हा आकडा सहापट वाढल्याचं समाधान मोठं आहे आणि ते या पानावर नोंदवताना आनंद होतो. पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही इथेच लिहून ठेवायला हवी. ज्या गावांत कार्यकर्त्या रोज फिरत होत्या, उंबऱ्याशी बसून बोलत होत्या, तिथेही नैराश्य असलेल्या चार माणसांपैकी जवळपास तिघं कुणाकडेही गेली नाहीत. त्यांचा शब्द अजून कुणाच्या कानावर पडलेला नाही.